सार्वजनिक ग्रंथालयें आणि ग्रामसुधारणा

ग्रंथालय म्हटलें म्हणजे पुष्कळ शेतकरीबंधूंच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें : चावडीशेजारची किंवा देवळामागची एक खोली, भिंतीशीं कुलूपबंद कपाटें, मध्यें एक लांब मेज, त्यावर दोन-तीन वर्तमानपत्रें, आणि तीं वाचीत बसलेले चार सेवानिवृत्त गृहस्थ. कामाच्या दिवसांत तिकडे फिरकण्यास शेतकऱ्यास सवड नसते. आणि सवड मिळालीच तर कपाटाची किल्ली ज्यांच्याजवळ असते ते गृहस्थ नेमके परगांवीं गेलेले असतात. अशा संस्थेमुळें गांवांत एक पोतें तरी धान्य अधिक पिकतें काय, असा प्रश्न एखाद्या रोखठोक खातेदारानें केला, तर त्यास हंसून वाटेस लावणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. प्रश्न वाजवी आहे. ज्या संस्थेस सरकारी अनुदान मिळतें, जी गांवच्या जागेंत बसते, तिनें गांवच्या संसारास काय हातभार लावला हें विचारण्याचा अधिकार गांवास आहेच. ह्या लेखांत आम्ही त्याचें उत्तर निरनिराळ्या देशांतील खेड्यांच्या अनुभवावरून देणार आहों. तेथील ग्रंथालयांनीं काय केलें ह्यापेक्षां तें कोणत्या रीतीनें केलें व पैसा कोणी घातला, इकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मेरीलँड नांवाच्या संस्थानांत वॉशिंग्टन कौंटी हा एक शेतीचा जिल्हा असून हेगर्सटाऊन हें त्याचें मुख्य शहर आहे. इ. स. १९०१ त तेथें सबंध जिल्ह्याकरितां एक मोफत ग्रंथालय उघडण्यांत आलें आणि त्याची व्यवस्था मेरी टिटकंब ह्या बाईंकडे आली. ग्रंथालय जिल्ह्याचें खरें, पण पुस्तकें नेणारे बहुतेक शहरांतलेच, ही गोष्ट बाईंच्या लौकरच ध्यानांत आली. तेव्हां त्यांनीं खेडोपाडीं वाण्याच्या दुकानांत, टपालकचेरींत, जेथें लोक एरवींही येतात अशा ठिकाणीं, पुस्तकांच्या पेट्या ठेवण्याचा उपक्रम केला. त्यानेंही काम अर्धेंच झालें. त्या देशांत शेतकऱ्यांची वस्ती आपल्यासारखी गांवठाणांत एकत्र नसते. ज्याचें त्याचें घर ज्याच्या त्याच्या शेतांत. दुकानापासून दूर राहणाऱ्या कुटुंबास पेटीचा उपयोग तें दुकानापर्यंत येईल तेव्हांच. म्हणून इ. स. १९०५ च्या एप्रिल महिन्यापासून बाईंनीं दोन घोड्यांची एक गाडी पुस्तकें भरून शेतवाड्यांतून फिरविण्यास सुरवात केली. गाडीच्या बाजूंस बाहेरून उघडणारीं फडताळें बसविलेलीं होतीं व तींत सुमारें अडीचशें पुस्तकें मावत. हांकण्याचें काम ग्रंथालयाच्या इमारतीची देखभाल करणारे जोशुआ थॉमस यांजकडे होतें.

आरंभीं गाडीचा रंग इतका गंभीर होता कीं, एका शेतकऱ्यास ती प्रेतें वाहून नेणारी गाडी वाटली, व आमच्या दारीं थांबण्याचें कारण नाहीं असें त्यानें दुरूनच सांगून टाकलें. त्यानंतर चाकांना भडक तांबडा रंग देण्यांत आला. गोष्ट विनोदाची आहे, पण नव्या संस्थेकडे खेड्यांतील माणूस प्रथम कोणत्या नजरेनें पाहतो हें तींत चांगलें दिसतें. बाईंचा आग्रह असा असे कीं, पुस्तकानें माणसाकडे गेलें पाहिजे. माणूस आपण होऊन पुस्तकाकडे येईल ह्या आशेवर बसूं नये. गाडीनें घाई करावयाची नाहीं, वाटेंतलें एकही घर गाळावयाचें नाहीं, बाईमाणसांना व मुलांना पुस्तकें चाळूं द्यावयाचीं, निवडूं द्यावयाचीं. फेरीवाल्या बोहाऱ्याकडून जशी खरेदी होते तशीच ही देवघेव. फरक एवढाच कीं, पैसा द्यावा लागत नसे. इ. स. १९१० त रेल्वेच्या फाटकावर आगगाडीची धडक बसून ही गाडी मोडली. काम कांहीं काळ बंद पडलें, परंतु १९१२ त तिच्या जागीं मोटार आली. अमेरिकेंतील पहिली फिरती ग्रंथालय-गाडी म्हणून आज हिचें नांव घेतात.

ह्याच काळांत बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांची दृष्टि अमेरिकेंतील ग्रंथालयांकडे वळली होती. महाराजांचा जन्म नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवीं शेती करणाऱ्या गायकवाड घराण्यांत झाला होता, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्यांनीं इ. स. १८९३ त अमरेली भागांत प्रयोगादाखल सक्तीचें प्राथमिक शिक्षण चालू केलें व १९०६ त तें सर्व राज्यास लागू केलें. परंतु सक्तीनें शाळेंत बसविलेला मुलगा चार बुकें शिकून नांगरामागें गेला, आणि पुढें त्याच्या हातीं वाचावयास कांहींच पडलें नाहीं, म्हणजे थोड्याच वर्षांत तो अक्षरें विसरूं लागतो. पेरणी करून मग पाण्याची एकही पाळी न देण्यासारखा हा प्रकार. शाळेवरील खर्च वांया जाऊं नये म्हणून ग्रंथालय पाहिजे, ह्या हिशेबी दृष्टीनें बडोद्यांतील चळवळ सुरू झाली. विद्येची हौस म्हणून नव्हे.

इ. स. १९०६ च्या प्रवासांत महाराजांनीं अमेरिकेंतील ग्रंथालयें पाहिलीं होतीं. १९१० त त्यांनीं कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन येथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांस बडोद्यास आणविलें व ग्रंथालयांचें स्वतंत्र खातें काढलें. राजवाड्यांतील सुमारें वीस हजार ग्रंथ महाराजांनीं मध्यवर्ती ग्रंथालयास दिले. बोर्डन यांनीं माणसें शिकवून तयार केलीं व तीन वर्षांनीं, म्हणजे १९१३ त, ते स्वदेशीं परतले. परदेशीय तज्ज्ञ गेला कीं त्यानें काढलेलें खातें ओसाड पडावें, असा अनुभव आपल्याकडे नवा नाहीं. बडोद्यांत तसें झालें नाहीं. न्यूटन मोहन दत्त यांनीं मध्यवर्ती काम पुढें चालविलें, आणि खेड्यापाड्यांचें काम मोतीभाई अमीन यांनीं अंगावर घेतलें. अमीन हे मूळचे शिक्षक. सरकारी खातें निघण्याच्या आधींपासूनच ते ‘मित्रमंडळ’ ह्या नांवानें गांवोगांव वाचनालयें काढीत होते. १९१२ पासून कांहीं वर्षें बडोद्याहून ग्रंथालयविषयक एक नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत निघत असे. तेव्हां ही सर्व खटपट मराठी वाचकांच्या नजरेआड चालली होती असेंही म्हणतां यावयाचें नाहीं.

बडोद्याच्या योजनेंतील जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पैशाच्या वांटणीचा होय. गांवकऱ्यांनीं वर्षास जितकी रक्कम स्वतः जमवावी, तितकीच प्रांत पंचायतीनें द्यावी, आणि तितकीच ग्रंथालय-खात्यानें द्यावी, असा नियम होता. प्रांत पंचायत म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेसारखी संस्था समजावी. खेड्याकरितां ह्या मदतीची मर्यादा वर्षास शंभर रुपये, कसब्याकरितां तीनशें व प्रांताच्या मुख्य शहराकरितां सातशें होती. म्हणजे ज्या खेड्यानें पन्नास रुपये गोळा केले त्याचे दीडशें झाले; ज्यानें शंभर केले त्याचे तीनशें झाले; आणि ज्यानें कांहींच केलें नाहीं त्याच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं. इमारत बांधावयाची असली तरी हेंच तिसऱ्या हिश्श्याचें तत्त्व लागू होतें.

कोणी म्हणेल कीं, गरीब गांवावर हा अन्याय झाला. परंतु त्याचीही तजवीज केलेली होती. ज्या ठिकाणीं ग्रंथालय निघण्याजोगें नव्हतें तेथें फिरत्या पेट्या जात. मजबूत लांकडाची एक पेटी, तींत पंधरापासून तीसपर्यंत पुस्तकें, गांवांतील एखाद्या जबाबदार माणसानें मागणी करावी, रेल्वेचें भाडें खात्यानें भरावें, आणि वाचणाऱ्यानें कांहींएक देऊं नये. पेटी उघडली गेली, पुस्तकें हातोहात गेलीं, लोकांना गोडी लागली, म्हणजे मग वर्गणीची गोष्ट काढावयाची. आधीं नमुन्याचें वाफें दाखवून मग बियाणें विकणाऱ्याची रीत ती हीच. ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांच्याकरितां खात्याची एक निराळी शाखा होती. ती जादूच्या कंदिलानें व पुढें चलच्चित्रपटानें देशोदेशींचीं दृश्यें खेड्यांत दाखवी. बडोदें शहरांत स्त्रियांकरितां व मुलांकरितां वेगळीं वाचनालयें होतीं.

ह्या व्यवस्थेनें शेंकडों गांवीं ग्रंथालयें उभीं राहिलीं. तीं सगळींच जोमानें चाललीं असें समजूं नये. ग्रंथालयें निघालीं म्हणजे त्यांतील कांहीं नांवापुरतीं उरावयाचींच, आणि वाचक शेतीचीं पुस्तकें सोडून कादंबऱ्याच नेतात ही तक्रार तर जगांतील प्रत्येक ग्रंथपाल करीत असतो. आम्हांस ह्या तक्रारीचें फारसें वैषम्य वाटत नाहीं. कादंबरीच्या ओढीनें ज्याची वाचण्याची संवय टिकली, तोच पुढें कधींतरी कीटकनाशकाच्या डब्यावरील बारीक अक्षरें वाचूं शकतो. इ. स. १९४९ त बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. तिसऱ्या हिश्श्याच्या ह्या नियमाचें पुढील काळांत आपल्याकडे अनुकरण झालें असतें, तर आजचें चित्र निराळें दिसलें असतें असें आमचें मत आहे.

बडोद्यास आरंभ राजाकडून झाला. राजाश्रय नसतां, आणि सरकारचेंही विशेष साहाय्य नसतां, काय होऊं शकतें ह्याचें उदाहरण कॅनडांत सांपडतें. त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नांवाचा प्रांत आहे व त्यांतील केप ब्रेटन बेटावर रिझर्व्ह माइन्स हें कोळशाच्या खाणींचें गांव आहे. तेथील लोक शेतकरी नव्हते, खाणमजूर होते. तरी त्यांची स्थिति आमच्या वाचकांस अनोळखी वाटणार नाहीं. राहतें घर कंपनीचें, एके काळीं किराणाही कंपनीच्याच दुकानांतून उधारीवर, आणि पगाराच्या दिवशीं उधारी वळती होऊन हातीं उरेल तें आपलें. सावकाराच्या खात्यांत जमीन व खळें दोन्ही अडकलेल्या कुणब्याची हीच दशा असे.

ह्या गांवीं इ. स. १९३५ त जेम्स टॉम्पकिन्स नांवाचे धर्मोपदेशक आले. ते पूर्वीं त्याच प्रांतांतील सेंट फ्रान्सिस झेव्हियर विद्यापीठांत अधिकारी होते. विद्यापीठानें आपलें ज्ञान सामान्य लोकांच्या दारीं नेलें पाहिजे अशी मागणी करणारी एक पुस्तिका त्यांनीं १९२१ त प्रसिद्ध केली होती, आणि १९२८ त त्या विद्यापीठानें त्याकरितां विस्तार-विभाग काढलाही होता. त्या विभागाची पद्धति साधी होती : शेजारपाजारच्या आठ-दहा माणसांनीं आठवड्यांतून एकदां कोणाच्या तरी स्वयंपाकघरांत जमावें, एक लहानशी पुस्तिका वाचावी, तींतील प्रश्नाची आपल्या गांवापुरती चर्चा करावी, आणि मग काय करतां येईल तें ठरवावें. विषय सगळे पोटापाण्याचे : पतपेढी कशी चालते, मासळीचा भाव कोण ठरवितो, सहकारी दुकानाचा नफा कोठें जातो. रिझर्व्ह माइन्समध्यें अशी पतपेढी १९३३ सालींच निघाली होती. टॉम्पकिन्स यांनीं तेथें येऊन आपल्या राहत्या घरांतच लोकांकरितां ग्रंथालय उघडलें. जो भेटेल त्याच्या हातीं पुस्तक द्यावयाचें, आणि पुन्हां भेटला म्हणजे तें वाचलेंस काय म्हणून विचारावयाचें, असा त्यांचा खाक्या होता.

ह्या वाचनांतून एक मंडळ घरांच्या प्रश्नाकडे वळलें. कंपनीचीं घरें मोडकीं व दाटीचीं होतीं, आणि जन्मभर भाडें भरून शेवटीं हातीं कांहींच नाहीं. न्यूयॉर्ककडील सहकारी घरबांधणीच्या अनुभवी कार्यकर्त्या मेरी आर्नल्ड इ. स. १९३७ त त्या भागांत आल्या होत्या. त्यांनीं ह्या मजुरांबरोबर बसून अभ्यास चालविला. जमीन केवढी लागते, पाया किती खोल, लांकूड किती, कर्जावर व्याज किती, हप्ता किती वर्षांचा, एखादा हप्ता चुकला तर काय, अशा प्रत्येक बाबीचा हिशेब त्यांनीं स्वतः केला आणि घरांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृति करून पाहिल्या. धंद्यानें ते गवंडी किंवा सुतार नव्हते. प्रांताच्या गृहमंडळाकडून त्यांनीं कर्ज मिळविलें, आपला हिस्सा म्हणून स्वतःची मेहनत घातली, खाणींतील पाळी संपल्यावर एकमेकांच्या घरांवर काम केलें, आणि १९३८ त अकरा कुटुंबें आपल्या मालकीच्या घरांत राहावयास गेलीं. त्या वस्तीस टॉम्पकिन्स यांचेंच नांव देण्यांत आलें, आणि पुढें त्या प्रांतांत अनेक ठिकाणीं ह्याच रीतीनें घरें झालीं.

येथें ग्रंथालयानें नेमकें काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. पैसा त्यानें दिला नाहीं. विटा-लांकडेंही दिलीं नाहींत. एकट्यानें वाचलेलें पुस्तक बहुधा डोक्यांत राहतें व तेथेंच विरतें. तेंच दहाजणांनीं मिळून, एका अडचणीवर बोट ठेवून वाचलें, म्हणजे त्यांतून ठराव निघतो, ठरावांतून संस्था निघते, आणि ती संस्था कोणी फसवूं शकत नाहीं. कारण तिचे नियम सभासदांनीं स्वतः वाचलेले असतात. आपल्या विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचे उपनियम किती सभासदांनीं उघडून पाहिलेले असतात, हा प्रश्न आम्हीं येथें नुसता विचारून ठेवतों.

पुस्तक घरापर्यंत कसें न्यावें ह्याला प्रत्येक देशानें आपापल्या भूमीप्रमाणें वाहन शोधलें. मद्रास इलाख्यांत तंजावर जिल्ह्यांतील मन्नारगुडी येथें इ. स. १९३१ त बैलगाडींतून फिरतें ग्रंथालय निघालें. आफ्रिकेंतील केनिया देशांत गारिसाच्या वाळवंटी भागांत १९९६ पासून राष्ट्रीय ग्रंथालयाचे उंट पुस्तकांच्या पेट्या घेऊन भटक्या पशुपालकांच्या वस्त्यांवर गेले. दक्षिण अमेरिकेंत कोलंबियामध्यें लुईस सोरियानो नांवाच्या एका शिक्षकानें दोन गाढवांवर पुस्तकें लादून डोंगराळ वाड्यांचा रस्ता धरला. हीं दृश्यें पाहून लोकांस कौतुक वाटतें, छायाचित्रें छापून येतात. पण कौतुकापलीकडे पाहिलें तर टिटकंबबाईंचेंच तत्त्व ह्या सर्वांच्या मुळाशीं आहे.

अलीकडे ग्रंथालयाच्या कामास एक नवें अंग फुटलें आहे, आणि तें शेतकऱ्यास फार जवळचें आहे. रुमानिया हा देश इ. स. २००७ त युरोपीय संघांत सामील झाला व तेथील शेतकऱ्यांस क्षेत्राच्या मानानें अनुदान मिळूं लागलें. त्याकरितां दरवर्षीं अर्ज भरावा लागे, आणि तो भरण्यास शहरांतील कचेरींत जाऊन रांगेंत दिवस घालवावा लागे. १९०० सालच्या मोजणी-कचेरीचा अनुभव वाडवडिलांकडून ज्यांनीं ऐकला असेल त्यांस हें चित्र समजावून सांगावयास नको. २००९ पासून तेथील खेड्यांतील ग्रंथालयांत संगणक व इंटरनेट बसविण्याची एक मोठी योजना झाली, ग्रंथपालांस शिक्षण देण्यांत आलें, आणि हजारों शेतकरी आपले अनुदानाचे अर्ज गांवच्या ग्रंथालयांतच बसून भरूं लागले. सर्बियांत यागोदिना येथील सार्वजनिक ग्रंथालयानें ह्याच सुमारास खेड्यांतील शाखांतून शेतकऱ्यांस संगणक वापरण्यास शिकविलें व माल विकण्यासाठीं त्यांस इंटरनेटवर एक सामाईक बाजार उघडून दिला.

आपल्याकडेही आतां सात-बाराचा उतारा, पीक-विम्याचा अर्ज, अनुदानाची मागणी, सर्व कांहीं संगणकावर गेलें आहे. ज्यास तें स्वतः करतां येतें त्याचें बरें चालतें. ज्यास येत नाहीं तो दुसऱ्याकडून करवून घेतो, पैसे देतो, आणि अर्जांत काय लिहिलें गेलें हें त्यास कळतही नाहीं. पिकाचें नांव किंवा गट नंबर चुकला तर तें भरपाई नाकारली जाते तेव्हां उघडकीस येतें. गांवच्या ग्रंथालयांत एक संगणक, एक छपाईयंत्र आणि फॉर्म वाचून दाखविणारा एक माणूस असला, तर वर्षांतून ज्या दोन-तीन आठवड्यांत शेतकऱ्यास त्याची गरज असते त्या आठवड्यांत तें ग्रंथालय गांवांतील सर्वांत गजबजलेलें ठिकाण होईल. ह्यास मोठें भांडवल लागत नाहीं. माणूस मात्र विश्वासाचा पाहिजे.

बियाण्याचें ग्रंथालय ही कल्पना ऐकून कित्येक वाचकांस नवल वाटेल. कॅलिफोर्नियांतील रिचमंड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयांत इ. स. २०१० त असें एक ग्रंथालय निघालें व त्यानंतर अमेरिकेंत त्याचें अनुकरण बऱ्याच ठिकाणीं झालें. जुन्या सूचिपत्रांच्या लहान लहान खणांत बियांचीं पाकिटें ठेवतात. सभासदानें पाकीट न्यावें, परसांत पेरावें, कांहीं झाडें बियांसाठीं राखावीं, आणि हंगामानंतर त्यांतलें बी परत आणून द्यावें. २०१४ त पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील एका गांवच्या ग्रंथालयास तेथील शेतकी खात्यानें बियाण्याच्या कायद्याचा बडगा दाखविला, कारण परत आलेल्या बियांची उगवणशक्ति व शुद्धता तपासलेली नसते. त्यावर बराच गवगवा झाला, व शेवटीं बिनव्यापारी देवाणघेवाणीस हे नियम लागू नाहींत असा खुलासा झाला. आपल्या देशांत २००१ च्या पीकवाण-संरक्षण व शेतकरी-हक्क कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचें बी नाममुद्रेखालीं मात्र विकतां येत नाहीं.

तरी त्या खात्याची शंका अगदींच पोकळ नव्हती. गहूं, हरभरा, मूग, उडीद, घेवडा हीं पिकें स्वपरागानें फळतात, म्हणून त्यांचें बी राखण्यास सोपें. बाजरी व मका ह्यांचे पराग वाऱ्यानें दूर जातात. काकडी, भोपळा, दोडका ह्यांवर मधमाशा काम करतात. त्यामुळें शेजारच्या वाणाशीं संकर होऊन परत आलेलें बी भलतेंच निघण्याचा संभव असतो. संकरित वाणाचें बी तर परत घेऊंच नये. म्हणून अशा कामास आरंभ करणाऱ्यानें कडधान्यांपासून करावा, प्रत्येक पुडीवर वाण, गांव, हंगाम व देणाऱ्याचें नांव लिहावें, आणि वांटण्यापूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत घालून उगवण मोजावी. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं घरीं गावरान बियांचा सांठा करून तो शेतकऱ्यांत फिरता ठेवला व २०२० त त्यांस पद्मश्री मिळाली, हें सर्वश्रुत आहे. सावकाराची सवाई-दिढी ज्यांनीं घरांतील वडील माणसांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांस बी उसनें देऊन बीच परत घेणाऱ्या संस्थेचें मोल वेगळें सांगावयास नको.

आतां पैशाचा प्रश्न. आपल्या प्रदेशांत ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. ठाण्यास १८९३ त व मुंबईस १८९८ त मराठी ग्रंथसंग्रहालयें निघालीं. परंतु हीं सारीं शहरांतलीं. ग्रंथालयांविषयीं कायदा करण्यांत कोल्हापूर संस्थान देशांत पुढें होतें. तेथील कायदा १९४५ चा, आणि मद्रास प्रांताचा १९४८ चा. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ त झाला. त्याअन्वयें आज राज्यांत हजारों मान्यताप्राप्त ग्रंथालयें आहेत आणि त्यांस अ, ब, क, ड अशा वर्गवारीनें अनुदान मिळतें. संख्या लहान नाहीं. परंतु ह्या कायद्यांत ग्रंथालयाकरितां वेगळा कर ठेवलेला नाहीं. सर्व भिस्त सरकारच्या वार्षिक अनुदानावर. अनुदान उशिरां आलें कीं पुस्तकखरेदी थांबते, आणि ‘ड’ वर्गाच्या गांवच्या ग्रंथपालास मिळणारें मानधन सांगावयास संकोच वाटावा इतकें असतें. शिवाय अनुदानाच्या अटींत पुस्तकें किती, सभासद किती, वर्तमानपत्रें किती, हें मोजलें जातें. गांवाच्या कोणत्या कामास तीं आलीं हें कोणी मोजीत नाहीं. जें मोजलें जाईल तेंच होणार, हें उघड आहे.

केरळांत निराळी वाट धरली गेली. इ. स. १९४५ त अंबलपुळा येथें पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकारानें सत्तेचाळीस ग्रामीण ग्रंथालयांनीं एकत्र येऊन ग्रंथालय-संघ स्थापिला. एकेकट्या ग्रंथालयास जें साधत नव्हतें तें संघानें साधलें, आणि १९७५ त त्यास युनेस्कोचा साक्षरतेचा पुरस्कारही मिळाला. पुढें १९८९ च्या कायद्यानें तेथें स्थानिक संस्थांनीं घरपट्टीबरोबर रुपयामागें पांच पैसे ग्रंथालय-कर गोळा करावा व तो ग्रंथालय-परिषदेकडे द्यावा असें ठरलें. परिषदेवरचे लोक ग्रंथालयांच्या सभासदांतूनच निवडून येतात. वर्षास सहाशें रुपये घरपट्टी भरणाऱ्या घरास हा कर तीस रुपये पडतो. आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत ग्रामसभेनें ठराव करून, घरटीं तीस रुपये स्वेच्छेनें जमविण्यास कोणाची आडकाठी नाहीं. चारशें घरांच्या गांवांत ती रक्कम बारा हजार होते, आणि बडोद्याच्या नियमानें मोजली तर ती छत्तीस हजारांचा पहिला तिसरा हिस्सा होय.